अलकनंदाच्या कुऱ्हाडी

अलकनंदा पांढरीपांडेला ऐकू कमी येतं, हे मला तिच्या शेजारी राहायला आल्यावर जवळजवळ वर्षभराने कळलं. तोवर मला वाटायचं, ही बाई बोलताना माणसाकडे फार रोखून बघते. डब्लिनच्या कडेला, ओंगारमध्ये आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. एकदा ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. मी हाकांवर हाका मारल्या, तिने वळूनही पाहिलं नाही. मी जाऊन खांद्याला हात लावला तशी ती दचकली आणि मग हसली.

"समोरून बोलत जा ग, विद्या. डावा कान गेलेला आहे, उजवा निम्मा. बाकीचं मी तुझ्या तोंडावरून वाचते."

लहानपणी नागपूरला तापात टोचलेल्या इंजेक्शनांनी तिचे कान गेले. जाड, खालचे आवाज तिला येतात. ट्रक येतो, ढोल येतो, नवऱ्याचं घोरणं येतं. बारीक, उंच आवाज येतच नाहीत. दारावरची बेल नाही, पाखरं नाहीत, कुकरची शिट्टी नाही. एवढ्या भांडवलावर तिने इंजिनिअरिंग केलं, लग्न केलं, आयर्लंडला आली आणि क्लोनडॉकिनच्या एका कारखान्यात वैद्यकीय उपकरणांची गुणवत्ता तपासायच्या कामाला लागली. इथली माणसं ओठ फार न हलवता बोलतात. तिने तेही वाचायला शिकून घेतलं. मीटिंगमध्ये ती मुद्दाम खिडकीकडे पाठ करून बसायची, म्हणजे उजेड समोरच्यांच्या तोंडावर पडायचा.

दोन हजार वीसच्या वसंतात सगळ्यांची तोंडं झाकली गेली.

मास्क लागले आणि अलकनंदाचं जग बंद झालं. मीटिंगमध्ये दहा जोडी डोळे दिसायचे, शब्द एकही नाही. तिने साहेबाला सांगितलं, पारदर्शक खिडकीचे मास्क मिळतात, माझ्याबरोबर काम करणाऱ्यांना तेवढे द्या. ते मंजूर यादीत नाहीत, असं उत्तर आलं. मग एके दिवशी तिला कळवण्यात आलं की तिच्या सोयीसाठी तिला तपासणीच्या कामावरून काढून घरून करायची कागदपत्रं देण्यात येत आहेत.

"माझ्या सोयीसाठी," ती कुंपणापलीकडून मला म्हणाली, "आणि मला विचारलं कोणी?"

तिने तसंच लिहून पाठवलं. उत्तर गोड आलं, पण बदललं काही नाही. ती घरात बसली. दुकानात गेली तर गल्ल्यावरची मुलगी काय विचारते ते कळायचं नाही, मागच्या रांगेतली माणसं चुळबुळ करायची. शिरीष, तिचा नवरा, म्हणायचा, "तू कशाला जातेस? मी आणत जाईन ना." शिरीष सॉफ्टवेअरमधला, पापभीरू माणूस. बायकोवर त्याचा जीव आहे, पण त्याच्या प्रेमात नेहमी थोडी घाई असते, गोष्ट मिटवून टाकायची. अलकनंदा म्हणाली, "तू आणत गेलास तर मी उरले कशाला?" आणि ती पुन्हा दुकानात गेली. खिशात वही-पेन्सिल घेऊन गेली आणि गल्ल्यावर ठेवली: लिहा, मी वाचते.

जूनमध्ये जिल्ह्याभर फिरायची मोकळीक मिळाली आणि त्याच आठवड्यात तिच्या दारात एक लांबोडकं खोकं येऊन पडलं. आत मेटल डिटेक्टर.

तिची मुलगी स्वरूपा कॉलेजात शिकते. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र डब्लिनच्या हेलात इंग्रजीत येतं. तिने ते यंत्र बघितलं आणि कपाळाला हात लावला. "मॉम, दॅट्स फॉर ओल्ड लॅड्स!"

"मग एक ओल्ड लेडी आली तर त्यांचं काय बिघडतं?"

शिरीषचा प्रश्न जास्त सरळ होता. यंत्र तर आवाजावर चालतं. जिला बेल ऐकू येत नाही तिने हे घेऊन करायचं काय?

आणि झालंही तसंच. ते यंत्र लोखंडावर आलं की खर्जात घुरघुरायचं, तांब्या-चांदीवर आलं की बारीक चिवचिवायचं. लोखंड तिला ऐकू यायचं. चांदी यायची नाही. म्हणजे जगातला सगळा गंज तिच्या वाट्याला आणि चकाकणारं सगळं गुपचूप पायाखालून पसार. इंटरनेटवर छंदवाल्यांच्या एका गटात तिने अडचण मांडली, तर एकाने लिहिलं, बाई, परत करा ते, तुमचं काम नाही. अलकनंदाने त्याला उत्तर लिहिलं, "सल्ल्याबद्दल आभार. मानणार नाही." यंत्राच्या आतल्या सेटिंगमध्ये जाऊन तिने सगळे सूर खाली आणले. मुठीत थरथर उठवायची सोय होती, ती चालू केली. मग मागच्या अंगणात नाणी, चमचे, खिळे, शिरीषचं जुनं घड्याळ पुरून ती पाऊसपाण्यात तासन्‌तास यंत्र फिरवायची. कुंपणावरून मला दिसायचं, डोळे मिटलेले आणि सगळं लक्ष तळहातात. महिन्याभरात ती न खणता सांगू लागली, "हा चमचा. हे खालचं घड्याळ."

या देशात या छंदाला कायद्याचा कडक लगाम आहे. जुनं, जमिनीत गेलेलं धन ते सरकारचं, आणि परवान्याशिवाय ते शोधायला यंत्र घेऊन निघणं हा गुन्हा. अलकनंदाने ते सगळं आधी वाचलं होतं. तिने स्वतःशी नियम केला की आपण आजकालचं हरवलेलं शोधायचं, तेही ज्याचं हरवलंय त्याने बोलावलं तर आणि ज्याची जागा आहे त्याने हो म्हटलं तर. तिने भागातल्या फेसबुक गटावर चार ओळी टाकल्या. तुमचं काही हरवलंय का? मी शोधून देते. मला ऐकू कमी येतं, फोन करू नका, मेसेज करा.

लोक मेसेज करू लागले. तिच्या हाताला आधी बाटल्यांची बुचं लागली, तंबूच्या खुंट्या लागल्या. इथल्या आया मुलांच्या कपड्यांना टाचतात ती मेरीमातेची चिमुकली पदकं तर इतकी की स्वरूपा म्हणाली, या देशाची जमीन देवभोळी आहे. एका आजोबांची कवळी समुद्रकिनाऱ्यावर पोहताना पडली होती. तिच्यातल्या तारेने अलकनंदाची मूठ थरथरली. आजोबांनी ती समुद्रातच खळबळून धुतली आणि तिथल्या तिथे बसवली. मग तोंडभरून हसले आणि म्हणाले, "ग्रँड!" तो शब्द तिला लख्ख वाचता आला.

ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलमधल्या एका नर्सचं कानातलं बागेत पडलं होतं. तिच्या मेलेल्या आईचं. त्या वसंतात हॉस्पिटलात काय चाललं होतं ते वेगळं सांगायला नको. ड्यूटी संपवून ती पोरगी बागेतल्या बाकावर बसून रडली होती, तिथे कुठेतरी ते गेलं. अलकनंदाने बाकामागचं गवत पिंजून काढलं. कानातलं मिळाल्यावर नर्स लांब उभी राहिली, मास्क खाली केला आणि नीट ओठ हलवून म्हणाली, "गेल्या कित्येक महिन्यांत मी कोणाला काही परत मिळालेलं बघितलं नव्हतं." अलकनंदा हे मला सांगत होती तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि अलकनंदाच्या डोळ्यांत पाणी मी फारसं पाहिलेलं नाही.

सगळेच काही असे नव्हते. किनाऱ्यावर एक माणूस कुत्रं फिरवत आला आणि मास्कच्या आडून हातवारे करत काहीबाही बोलू लागला. तिला 'गार्डा' एवढं कळलं. गार्डा म्हणजे इथले पोलीस. तिने यंत्र खाली ठेवलं आणि म्हणाली, "बोलवा. पण जे बोलायचं ते तोंड उघडं ठेवून बोला. मी वाचल्याशिवाय उत्तर देत नाही." त्याने मास्क काढला नाही. कुत्रं मात्र बराच वेळ तिच्या पायाशी शेपटी हलवत उभं होतं.

ऑगस्ट संपताना ब्रीड नावाच्या म्हातारीचा मेसेज आला. ओंगारहून थोडं पुढे गेलं की शेजारच्या मीथ जिल्ह्याची हद्द लागते आणि घरांच्या रांगा संपून शेतं सुरू होतात. तिथे ब्रीड आणि तिचा नवरा फिंटन यांची शेती. बटाटे काढताना ब्रीडच्या लग्नाची अंगठी शेतात गळून पडली होती. फिंटनने स्वतः फाटक उघडून दिलं, जागा दाखवली. अलकनंदाने दोन रविवार तिथे घालवले. अंगठी काही मिळेना. कोपऱ्यात, जुन्या काट्यांच्या कुंपणाजवळ, मुठीत एक गोल, जाड थरथर आली. तिला वाटलं, सोनंच. तिने हातभर खणलं. मातीत हिरवी धार दिसली.

तिने बोटाने माती पुसली. धार वाकडी, पंख्यासारखी पसरलेली. कुऱ्हाडीचं पातं, पण कुठल्याही दुकानात मिळणारं नाही. ती उठून उभी राहिली आणि तिने यंत्र नुसतं वरून फिरवलं, तर बाजूलाच पुन्हा तशीच थरथर. आणि पुन्हा.

"मी काय केलं माहीत आहे?" ती मला नंतर म्हणाली. "यंत्र बंद केलं. हात मागे बांधले. इतकी भूक लागली होती ते उपसायची, की हात बांधावेच लागले."

तिने फोटो काढला, माती परत लोटली, वर एक दगड ठेवला आणि जाऊन दोघांना सांगितलं, हे फार जुनं दिसतंय, संग्रहालयाला नाहीतर पोलिसांना कळवावं लागेल. कायद्याने चार दिवसांची मुदत आहे.

फिंटनचा चेहरा बदलला. तो कोपरा आणि त्यालगतची जमीन घरं बांधणाऱ्या एका माणसाला द्यायचं ठरलं होतं. संग्रहालयवाले आले की काम किती लांबेल कोणास ठाऊक.

"दगड तसाच राहू द्या," तो म्हणाला. स्वयंपाकघरात मास्क नव्हते, तिला सगळं वाचता येत होतं. "तुम्ही काही बघितलं नाही. मी काही ऐकलं नाही."

"मला ऐकू येत नाही," अलकनंदा म्हणाली, "पण दिसतं व्यवस्थित."

"यंत्र तुमच्या हातात होतं. अडकाल तर तुम्ही. परदेशातून आलेल्या माणसाने याचा विचार करावा."

ब्रीड चहाची किटली हातात धरून उभी होती. ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "फिंटन, लाज बाळग." आणि तिने अलकनंदाच्या कपात चहा ओतला.

घरी आल्यावर खरं भांडण झालं. भिंत पातळ आहे, मला ऐकू येत होतं. शिवाय अलकनंदाला स्वतःचा आवाज किती चढलाय ते कळत नाही. त्या कुटुंबाचा नागरिकत्वाचा अर्ज सरकारदरबारी पडून होता. वर्तन चांगलं असलं पाहिजे ही त्यातली अट. शिरीष म्हणत होता, पोलिसांत आपलं नाव कशाला न्यायचं? कोण बघतंय? एवढी वर्षं ते जमिनीत होतं, अजून शंभर वर्षं राहील.

"राहील कसं? त्याच्यावर घर उभं राहणार आहे!"

"मग राहू दे उभं! अलका, आपलं काय जातं?"

"मी काय चोरी करून राहिले का? चोरी केली असती तर लपवली असती. मी अंगठी शोधून राहिले होते आणि मला कुऱ्हाड सापडली. एवढं साधं वाक्य आहे. ते वाक्य मला बोलता येत नसेल तर त्या नागरिकत्वाचं मी काय लोणचं घालू?"

शिरीषने घाबरून आशिषला विचारलं. आशिष आमच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा कर्ताधर्ता. त्याने नाव न घेता ग्रुपवर लिहिलं की आपण या देशात पाहुणे आहोत, आपल्यातल्या एकाच्या उद्योगाने सगळ्यांचं नाव खराब होतं. खाली संमतीच्या, वर केलेल्या अंगठ्यांची रांग लागली. अलकनंदाने एकच ओळ लिहिली. "मी इथे काम करते, कर भरते, माझी मुलगी इथे वाढली. पाहुणी कोण? मी तर यजमानीण आहे." आणि ती ग्रुपमधून बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझ्या खिडकीवर टकटक केली. "चल. मला कोणाची सोबत नको, पण साक्षीदार हवा."

गार्डाच्या चौकीत काचेमागे एक तरुण पोलीस होता. मास्क लावलेला. तो काहीतरी बोलला. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर अलकनंदाने माझ्या दंडावर हात ठेवला.

"मला ऐकू येत नाही," ती त्याला म्हणाली. "तुम्ही मागे भिंतीशी जा, मास्क खाली घ्या आणि बोला. नाहीतर लिहून द्या. माझ्या मैत्रिणीशी बोलू नका. गोष्ट माझी आहे."

तो गोंधळला. मग खरोखरच मागे भिंतीपर्यंत गेला, मास्क हनुवटीवर ओढला आणि शाळेतल्या मुलासारखा सावकाश बोलू लागला. तिने फोटो दाखवला. सगळं सांगितलं.

"यंत्राचा परवाना आहे?"

"नाही. हरवलेली अंगठी शोधायला लागतो असं माझ्या वाचनात नाही. लागत असेल तर मी तुमच्यासमोर उभी आहे. लिहून घ्या."

तो लिहू लागला. नाव विचारलं. पांढरीपांडे अर्ध्यापर्यंत लिहून त्याने पेन थांबवलं आणि एवढं पुरे आहे अशी मान हलवली.

"पूर्ण लिहा," अलकनंदा म्हणाली. "उद्या गुन्हा ठरला तर अर्ध्या बाईवर ठरायला नको."

तो पहिल्यांदा हसला. पण यंत्र मात्र चौकशीपुरतं ठेवून घेतलं.

संग्रहालयाची माणसं त्याच आठवड्यात आली. त्यांच्यात ऊना नावाची एक बाई होती. तिने मास्कऐवजी तोंडावर पारदर्शक ढाल लावली होती. कोणीतरी चौकीतून तिला सांगितलं असणार. ऊनाने अलकनंदाला आधी खडसावलं. शेतात यंत्र फिरवायचं तर आधी आम्हाला विचारायचं, हेतू अंगठीचा असला तरी. अलकनंदा म्हणाली, "कायद्यात तसं स्पष्ट लिहा, मी पाळीन." दोघी बराच वेळ वाद घालत शेतात उभ्या होत्या. मग ऊना म्हणाली, "पण तू थांबलीस. लोक थांबत नाहीत. उपसतात, आणि ते कसं ठेवलं होतं ते आम्हाला कधीच कळत नाही."

त्या कोपऱ्यातून कांस्ययुगातल्या तीन कुऱ्हाडी निघाल्या. एकमेकींना टेकून, धारा एकाच बाजूला करून ठेवलेल्या. खाली झाडाच्या सालीचा कुजलेला तुकडा होता. कोणीतरी गुंडाळून, जपून ठेवल्या होत्या. ऊनाने अलकनंदाला खड्ड्याच्या काठावर बोलावलं आणि बोट दाखवलं. अलकनंदा तिथे गुडघ्यांवर बसून राहिली. तिने मला सांगितलं, "ठेवणाऱ्याचा हात दिसत होता ग. नुसता हात." ब्रीड कुंपणाशी उभी राहून बघत होती. फिंटन घरातून बाहेर आला नाही.

अंगठी मिळाली नाही. ब्रीडने तिला मेसेज केला, माझं बोट रिकामं बरं दिसतंय, काळजी करू नकोस.

नंतरचा हिवाळा कठीण गेला. पुन्हा टाळेबंदी, यंत्र चौकीत, नागरिकत्वाच्या अर्जाचा पत्ता नाही. शिरीष बोलायचा तो जेवणापुरता. अलकनंदा झुकली नाही. तिने कारखान्याविरुद्ध रीतसर तक्रार केली. श्रवण कमी असलेल्या माणसाला कामावरून हटवणं ही सोय नव्हे, भेदभाव आहे, असं तिने लिहिलं आणि सुनावणी मागितली. सुनावणी ऑनलाइन झाली. पडद्यावर सगळ्यांची तोंडं उघडी. "मूर्ख लोक," ती नंतर म्हणाली. "मला हरवायचं होतं तर मास्क लावून बसायचं." वसंतात ती तपासणीच्या कामावर परत गेली आणि तिच्या विभागात खिडकीवाले मास्क आले.

त्याच सुमारास चौकीतून यंत्र परत मिळालं. गुन्हा नोंदवलेला नव्हता. बांधकामवाल्याने आराखडा थोडा सरकवला आणि तो कोपरा हिरवळ म्हणून मोकळा सोडायचं ठरलं. फिंटन आजही समोरून आला तर रस्त्याच्या पलीकडे जातो. नागरिकत्व उशिरा आलं, पण आलं. शिरीषने तो लिफाफा टेबलावर ठेवला आणि बायकोसमोर बसून, तिला नीट दिसेल असं तोंड करून म्हणाला, "मी घाबरलो होतो."

"माहीत आहे. मीही घाबरले होते. म्हणून काय करायचं नाही का?"

दोन हजार एकवीसच्या दिवाळीत पुन्हा हॉलमध्ये जमायला परवानगी मिळाली. आशिष तिच्या घरी आमंत्रण घेऊन आला. हॉलमध्ये त्याने माईक हातात घेऊन सांगितलं की अलकनंदाताई आपल्या समाजाची शान आहेत, त्यांनी तीन हजार वर्षांपूर्वीचा ठेवा शोधला, त्या आता दोन शब्द बोलतील. टाळ्या झाल्या.

अलकनंदाने माईक घेतला. "गेल्या वर्षी याच लोकांनी मला गप्प बसायला सांगितलं होतं," ती म्हणाली. "आशिष, तू लिहिलं होतंस की मी सगळ्यांचं नाव खराब करते. खाली किती अंगठे होते, मला आठवतं. मला शान म्हणू नका. ज्या दिवशी तुमच्यातल्या कोणाला असं काही सापडेल आणि घरचे म्हणतील दाबून टाक, त्या दिवशी मला मेसेज करा. मी चौकीपर्यंत बरोबर येईन. आता ज्यांना प्रश्न विचारायचे त्यांनी पुढे या, लांब उभे राहा आणि मास्क खाली घ्या."

आशिष लालबुंद झाला होता. पण पहिला तोच उठला, मागे सरला, मास्क खाली केला आणि म्हणाला, "ताई, चुकलो."

"हं," अलकनंदा म्हणाली. "पुढचा प्रश्न."

दिवाळीनंतरच्या रविवारी सकाळी ती किनाऱ्यावर होती. एका माणसाची गाडीची किल्ली वाळूत गेली होती. वारा असा की उभं राहणं मुश्कील, आणि भरती चढत होती. शिरीष फावडं घेऊन बरोबर गेला होता, मीही गेले होते. पाणी बुटांना लागेपर्यंत ती शोधत राहिली. किल्ली मिळाली नाही. तो माणूस बिचारा ओशाळून म्हणाला, जाऊ द्या, समुद्राने नेली असेल.

"ओहोटी किती वाजता आहे?" अलकनंदाने त्याला विचारलं, आणि त्याचं उत्तर वाचण्यासाठी ती वाऱ्यात डोळे बारीक करून उभी राहिली.